तार मला मिळाली होती

माझ्या वडिलांचं चारित्र्य एका शब्दात लिहिलेलं होतं, आणि तेही इंग्रजीत. पलटणीतून माणूस सुटतो तेव्हा त्याच्या हातात एक पुस्तक देतात. उंची, छातीचं माप, भुवईवरचा व्रण, नोकरी किती वर्षं झाली, सगळं त्यात असतं. एका पानावर ‘कॅरेक्टर’ असं छापलेलं असतं आणि पुढे शाईनं शब्द भरलेला. दादांच्या पुस्तकात तो ‘इनडिफरंट’ असा होता. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो.

नववीत असताना मी ते पुस्तक चोरून काढलं आणि शाळेतल्या डिक्शनरीत तो शब्द शोधला. यथातथा, बेताचा, सुमार. माझं डोकंच फिरलं. माणूस काय ज्वारी आहे, सुमार म्हणायला? कुठला शब्द शोधतेस म्हणून गुरुजींनी विचारलं, तर मी भलताच सांगितला.

पारनेर तालुक्यात तसे फौजी पुष्कळ. जमीन मुरमाड, पावसाचा भरवसा नाही, म्हणून घरातला एक तरी पोरगा भरतीला जायचा. आमच्याच गावात पेन्शनीत आलेले सात-आठ जण होते. पंधरा ऑगस्टला ते जुन्या टोप्या घालून, छातीवर पदकं लावून शाळेच्या पटांगणात पहिल्या रांगेत उभे राहायचे. दादा त्या दिवशी हटकून रानात असायचे. ऑगस्टात कामं काय कमी असतात, असं म्हणायचे. एका वर्षी मी भाकरी घेऊन गेले तर ते बांधावर हात गुडघ्यांवर ठेवून नुसते बसले होते. शाळेतलं झेंड्याचं गाणं तिथवर ऐकू येत होतं. मी बाभळीमागं थांबले आणि गाणं संपल्यावर पुढे गेले.

लोक तोंडावर काही बोलायचे नाहीत. पण लग्नात एखादा परगावचा पाहुणा विचारायचा, तुम्ही पलटणीतून एवढ्या लवकर कसे आलात, आणि आमच्या गावचे सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागायचे. मला त्या पाहुण्यापेक्षा आमच्या गावच्यांचाच जास्त राग यायचा.

या सगळ्याला कारण मी होते. मला ते माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि दादांना माहीत नाही अशी आम्हा दोघींची समजूत होती.

झालं ते असं. मी चौथीत होते. आजी, म्हणजे दादांची आई, अंथरुणाला खिळली होती म्हणून दादा दोन महिन्यांच्या रजेवर आले. रजा संपत आली तरी आजीचं काही खरं दिसेना. तेव्हा त्यांनी रजा वाढवून मिळावी असा अर्ज पलटणीला धाडला आणि उत्तराची वाट बघत राहिले. मधेच शेजाऱ्याला बैल घ्यायचा होता आणि दादांना बैलाच्या दातांतलं कळायचं, म्हणून दोघं घोडेगावच्या बाजाराला गेले. तिथून बैल चालवत आणायचा म्हणजे तीन-चार दिवस तरी जाणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमन आला. शेजारच्या गावाहून सायकलवर यायचा तो. “तार हाय,” म्हणाला. “सही करा.”

तार म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नव्हतं. तोवर गावात आलेली प्रत्येक तार मरणाची होती. माझा मामा त्या वेळी टायफॉइडनं पुण्याच्या दवाखान्यात होता. आईनं तो लिफाफा पाहिला आणि ती उंबऱ्यातच मटकन खाली बसली. तार इंग्रजीत. पोस्टमनला इंग्रजी येत नव्हतं, मला येत नव्हतं, आणि अक्षरं लावून दोन ओळी वाचणारे दादा बाजाराला गेलेले. मास्तरांकडे न्यावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मरणाची तार वाचायची कशाला? ती आली, एवढ्यातच सगळं आलं.

सही मी केली. आई अंगठा द्यायची, आणि मी नुकतीच सही करायला शिकले होते. पाटीवर, भिंतीवर, जात्याच्या पाळीवर, जिथं जागा दिसेल तिथं गिरवायचे, आणि खाली ऐटीत दोन रेघा मारायचे. पोस्टमनच्या कागदावरही मी दोन रेघा मारल्या. लाज वाटते सांगायला, पण आई समोर रडत असताना मला त्या सहीचा आनंद झाला होता.

मरणाचं पत्र आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की उंबऱ्याबाहेर उभं राहूनच वाचायचं, फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. आत आजी निजलेली. तिच्या कानावर काही जाऊ नये म्हणून आईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. तो काढून ती म्हणाली, “फाड. फाड आन् उकिरड्यावर टाक. घरात आनू नको.”

मी फाडली. आधी दोन, मग चार, मग आठ तुकडे केले. नीट केले, कारण मी तेव्हा सगळंच नीट करायचे. मग आम्ही दोघींनी डोक्यावरून पाणी घेतलं, आजीजवळ चुलतीला बसवलं आणि मामाच्या गावची वाट धरली.

मामा ओसरीवर बसून दूधभाकरी खात होता. आठ दिवसांपूर्वीच बरा होऊन घरी आला होता. आईनं त्याच्याकडं बघितलं, भिंतीला हात लावला आणि म्हणाली, “सहज आले.” तुझ्या मरणाची तार आली म्हणून आले, असं भावाच्या तोंडावर कोण सांगेल? तिनं चहा घेतला, आजीची तब्येत सांगितली, आणि दिवस मावळायच्या आत आम्ही परत निघालो. वाटेत ती एकदाच बोलली. “दुसऱ्या कुनाची आसंल. चुकून आली. तुज्या बापाला सांगू नको, मला येड्यात काढतील.” घरी आल्यावर मी उकिरड्यावर पाहिलं तर वाऱ्यानं सगळं नेलं होतं. शेणाला चिकटलेले दोन तुकडे तेवढे सापडले, ते आईनं चुलीत घातले.

ती तार दादांची होती. रजा नामंजूर, ताबडतोब हजर व्हा.

दादा बैल घेऊन आले आणि निर्धास्त राहिले. उत्तर आलं नाही म्हणजे साहेबांनी रजा दिली असणार, असं आजीला सांगायचे. आणखी पाच आठवड्यांनी आजी गेली. तिचे दिवस करून, डोक्याचे केस अजून पुरते उगवले नव्हते तेव्हा ते पलटणीत परतले. चार महिन्यांनी ट्रंक खांद्यावर घेऊन एस.टी.तून उतरले ते कायमचेच.

स्वतः ते त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. त्यांच्याच पलटणीतला एक जण रजेवर आला, त्यानं चावडीत सांगितलं. रजा नामंजूर झाल्याची तार धाडली होती तरी हा घरी बसून राहिला, म्हणून चौकशी, म्हणून कोठडी, म्हणून घरी. ते फिरत फिरत आमच्या चुलीपर्यंत आलं. आईनं तव्यावरची भाकरी जळू दिली. मग माझा दंड धरून म्हणाली, “तू आन् मी. तिसऱ्याला कळता कामा न्हाई.”

तेव्हापासून आई बदलली. लिहिलेला कागद म्हणून तिनं घराबाहेर जाऊ दिला नाही. औषधाच्या पुडीवरचा कागद, निवडणुकीची पत्रकं, मीठ बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा, सगळं ती घडी घालून वळचणीला खोचून ठेवायची. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे कोणता कागद कामाचा हे ती ठरवू शकत नव्हती. पावसाळ्यात पाणी गळायचं तेव्हा त्या लगद्यातून शाईचे ओघळ भिंतीवर उतरायचे. मी वहीचं पान फाडलं की ती दुसऱ्या खोलीतून धावत यायची. दारात उभी राहून नुसती बघायची, आणि मी म्हणायचे, “काही नाही आई, गणित चुकलं.”

माझं म्हणाल तर मला ती सही सुटली नाही. मॅट्रिकच्या फॉर्मवर करताना हात थांबायचा. रेघा मारायच्या मी कधीच सोडून दिल्या होत्या. पण झोपेत पोस्टमन येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, सही करा. मी पळून जायचे तर कागद पुढं पुढं.

एक गोष्ट मला त्या वर्षांत कळायची नाही. नोकरी गेलेला पुरुष घरात आदळआपट करतो, हे मी आजूबाजूला बघत होते. दादांनी आईवर कधी आवाज चढवला नाही. उलट सरपणाची मोळी तिच्या डोक्यावर दिसली की रस्त्यात उतरवून घ्यायचे, चारचौघांत. बायका हसायच्या. आई तर मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

मग मोठा दुष्काळ पडला. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं. मॅट्रिक झालेली गावात मी एकटीच मुलगी, म्हणून हजेरीच्या मस्टरवर मला बसवलं. रोज सकाळी मी नावं पुकारायचे आणि खडी फोडणाऱ्यांच्या रांगेतून दादा ‘हाजिर’ म्हणायचे. बाकीचे ‘हाय’ म्हणायचे, हे एकटे ताठ उभे राहून ‘हाजिर’. मला मान वर करवायची नाही.

त्याच सुमारास कळलं की जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका साखर कारखान्याला पहारेकरी हवेत आणि माजी सैनिक पहिले घेणार. गावातले दोघं जाऊन चिकटले. दादा गेले, पुस्तक दाखवलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. काय झालं, कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘हाजिर’. मी मस्टर मिटलं, मुकादमाला सांगितलं की उद्या मी येणार नाही, आणि नगरला गेले.

नगरात कचेरीबाहेर एक म्हातारे गृहस्थ टाइपरायटर घेऊन बसायचे. लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसात जन्म घालवलेला माणूस. त्यांनी दादांचं पुस्तक उलटसुलट पाहिलं. चारित्र्याचा शेरा बदलून मागता येतो, असं ते म्हणाले. वरच्या ऑफिसकडे अपील करायचं, पण कारण ठोस पाहिजे. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, “रजा नामंजूर झाल्याची तार यांना मिळाली होती का?”

मी म्हणाले, “नाही.”

खोटं नव्हतं ते. त्यांना कुठं मिळाली होती? असं मी स्वतःला सांगितलं. मला मिळाली होती, हे मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. निघालं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि शपथेवर सांगतो की सदर तार मला मिळाली नाही, असं स्वच्छ टाइप करून दिलं.

घरी आणून मी ते दादांपुढं ठेवलं. “काय लिवलंय?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी कागद परत माझ्याकडं सरकवला. म्हणाले, “आसं नको लिवू.”

“मग काय लिहू?”

“काईच लिवू नको. ऱ्हाऊ दे.”

माझी जीभ तेव्हाही तिखट होती. मी म्हणाले, “रोज मी तुमची हजेरी घेते, तुम्हाला काही वाटत नाही का? का खरंच तुम्ही त्या पुस्तकात लिहिलंय तसेच आहात?” असं बोलले मी. आई चुलीशी होती, तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. दादांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली.

उत्तर यायला पाच महिने लागले. रजिस्टर पत्र होतं, पोस्टमननं कामावरच आणून दिलं. मी ते न फोडता घरी आणलं. दिवेलागण व्हायची होती. दादा हातपाय धुऊन भिंतीला टेकून बसले होते, आई भाकरी थापत होती. चारित्र्य बदललं असणार याची मला इतकी खात्री होती की मी उभ्यानंच मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एकेक ओळ इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची.

तिसऱ्या ओळीपाशी मी मराठीत सांगायचं थांबले. त्यात लिहिलं होतं की चौकशीच्या वेळी अर्जदारास तार पोचल्याची सहीची पावती दाखवली होती. ती पाहून अर्जदारानं स्वतःच्या सहीनं जबाब दिला होता : तार मला मिळाली होती. मी ती वाचली होती. आई आजारी असल्यामुळे मी मुद्दाम गेलो नाही. आता तोच अर्जदार शपथेवर सांगतो की तार मिळाली नाही. यातलं एक तरी खोटं आहे. सबब शेरा बदलण्याचं कारण दिसत नाही.

“वाच की,” आई म्हणाली. “काय लिवलंय?”

मी दादांकडं बघितलं. ते शांत होते. म्हणाले, “पावती दावली हुती सायबानं. खाली दोन रेघा मारल्याल्या. तुजीच सही. कागदावर मी पयल्यांदा तिथंच बगितली.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही? पोरीनं घेतली म्हणून?”

“सांगितलं असतं तर चौकशी हितं आली असती. सरकारी तार दाबून ठिवली म्हनून तुज्या आईला जबाब द्यायला लागला असता. पोलीस दारात. म्हातारी जाऊन पुरते दोन म्हैने झाले नव्हते. म्हनलं, मला मिळाली. विषय संपला.”

म्हणजे घरच्यांची चूक म्हणून ते सुटले असते, ती त्यांनी स्वतःचा गुन्हा म्हणून अंगावर घेतली होती. आणि मी त्यांना शपथेवर खोटं ठरवून आणलं होतं, स्वतःच्या हातानं, नगरला जाऊन. मी खाली बसले.

“दाबून नव्हती ठिवली,” आई म्हणाली. पिठाचे हात तसेच धरून ती चुलीपासून उठली होती. सात वर्षांत पहिल्यांदा ती त्यावर बोलत होती. “माजा भाऊ गेला आसं वाटलं. मरनाची तार म्हनून फाडली. वाचलीच न्हाई. वाचाया कुनाला येतंय? फाड म्हनून मीच सांगितलं पोरीला.”

दादांना ते कळायला वेळ लागला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली.

“भाऊ गेला म्हनून?” ते म्हणाले.

“व्हय.”

“म्हंजी... मला जाऊ द्यायचं न्हाई म्हनून न्हवं?”

ते आपल्याशीच बोलल्यासारखं पुढं म्हणाले, “मला वाटलं, तुमी दोगींनी लपवली. मी ऱ्हावं म्हनून. म्हनून मी कदी इचारलंच न्हाई. म्हनलं, येवढं कुनाला आपन हवं आसतो.”

त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. पुस्तकातल्या त्या शब्दानं, कारखान्याच्या फाटकावरून परत फिरवल्यानं, मी त्या दिवशी बोलले त्यानंही जे झालं नव्हतं ते आता झालं होतं. सात वर्षं हा माणूस खडी फोडत होता, रानात एकटा बसत होता, आणि त्याच्या बदल्यात त्याच्याजवळ एवढी एकच गोष्ट होती. ती आम्ही आत्ता खरं बोलून काढून घेतली होती.

मी कोरा कागद पुढं ओढला. खरं काय घडलं ते लिहून दुसरं अपील करायचं, आई आणि मी दोघींनी जबाब द्यायचा, हे मी मनात जुळवत होते. पेन मी उघडलं होतं. दादांचं चारित्र्य अजून बदलू शकत होतं.

आई दादांसमोर येऊन बसली. इतक्या जवळ बसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, “मला वाचाया आलं असतं, तरीबी मी ती फाडलीच असती.”

ती खरं बोलली की त्यांच्यासाठी बोलली, हे मला आजही ठाऊक नाही. पुढे तीस वर्षं ती होती, मी तिला विचारलं नाही. पण ते खरं धरायचं तर तार चुकून फाडली असं म्हणता येत नव्हतं, मला अपिलात लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि दादांनी ते खरं धरलेलं मला दिसत होतं.

ते माझ्याकडे वळले. म्हणाले, “टोपन लाव पेनाला. शाई वाळंल.”

मी लावलं.